उजव्या मशिनवरची शेवंती

दार उघडलं आणि मी किंचाळलेच!

आत माणूस होता. माझ्या चाचणीच्या खोलीत, चाचणी सुरू असताना, जमिनीवर मांडी घालून, उजवीकडच्या मशिनला कान लावून, डोळे मिटून एक माणूस बसला होता. दारावर मी स्वतः तीन भाषांत पाटी लावली होती... ‘आत येऊ नये. कुणीही. अगदी कुणीही.’

“आउट! आत्ताच्या आत्ता आउट!” मी ओरडले. मग रागाने स्वतःशीच पुटपुटले, “एवढे शिकलेले लोक, साधी पाटी वाचता येत नाही मेल्यांना!”

त्याने डोळे उघडले. सावकाश उठला, पँट झटकली आणि म्हणाला, “वाचता येतंय हो. पण दार उघडं होतं, पाटी भिंतीकडं तोंड करून होती. अन् मेल्यांना म्हणजे किती जणांना? मी एकटाच आहे.”

मराठी! मी आ वासून बघत राहिले. ऑफिसात मराठी म्हणजे मी आणि आमचे पुण्याचे उपेंद्र सर, एवढंच मला ठाऊक होतं. आणि हा उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस, कपाळावर बारीक कुंकवाची रेघ... हा तर पुरता म्हैसूरचा दिसत होता.

“तुम्ही... मराठी?”

“घरात बोलतो. आम्ही रंगारी. कापड रंगवायचं, ठसे मारायचे. कुठनं आलो, कधी आलो, आता कुणाला नेनपु नाही.”

“नेनपु?”

“म्हणजे ते... आत राहतंय ते.”

“आठवण?”

“हां, आठवण. तुमचा शब्द लांब आहे.” तो हसला. “मी किरणकुमार राव. आजच लागलोय, सहा महिन्यांच्या करारावर.”

मला हसू येत होतं, म्हणून मी जास्तच कडक आवाज काढला. “इथे काय करत होतात?”

“पंखा ऐकायलो होतो. सुम्ने... उगीच. मशीन तापलं की पंख्याचा आवाज बदलतोय. आज्जा रंगाच्या हंड्याला असाच कान लावायचा.”

“तुमच्या ऐकण्यामुळे आजची सगळी चाचणी फुकट गेली, कळलं?”

“अय्यो! मग कॉफी मी पाजतो.”

“कॉफीने चाचणी परत येते?”

“चाचणी नाही येत. पण तुम्ही याल की, कॉफीला.”

...आणि मी गेले! मला स्वतःलाच नवल वाटत होतं.

मी आभा. अकोल्याची, नोकरीला म्हैसूरला. आमची कंपनी ब्राउझर बनवते. आपण इंटरनेटवरची पानं ज्यातून उघडतो ना, तो. त्यात कुणी एवढासा जरी बदल केला, तरी माझ्या खोलीतून गेल्याशिवाय तो लोकांपर्यंत पोचत नाही. खोलीत दोन जुळी मशिनं आहेत. डावीकडच्यात जुना ब्राउझर, उजवीकडच्यात नवा बदल केलेला. दोन्ही मशिनं तीच ती तीनशे पानं आपोआप उघडत-मिटत बसतात, आणि कुठलं पान किती वेळात उघडलं ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपून ठेवतात. नवा ब्राउझर रेंगाळला, की तो बदल आपोआप बाहेर फेकला जातो. कुणाची मर्जी नाही, कुणाचा वशिला नाही. या फेकून देणाऱ्या यंत्रणेला ऑफिसातले लोक ‘महिषासुर’ म्हणत, चामुंडीच्या टेकडीवर ज्याचा पुतळा तलवार आणि नाग घेऊन उभा आहे, त्याच्या नावाने. आणि मी नसताना मला म्हणत, महिषासुराची मावशी.

म्हणू देत. मला माझ्या खोलीचा अभिमान होता. खोली कायम चोवीस अंशांवर. माणूस नुसता आत उभा राहिला तरी हवा तापते, म्हणून आत यायचं नाही. आणि दुसरा नियम पहिल्याहून कडक — लेखी कारण असल्याशिवाय चाचणी पुन्हा लावायची नाही. मनासारखं उत्तर येईपर्यंत परत परत मोजत बसलं, तर ते मोजणं कसलं? दोन्ही नियम माझे. चावीही माझ्याकडेच; दुसरी फक्त साफसफाईवालीकडे, चाचणी संपल्यावर झाडण्यापुरती.

कॉफीचे दिवस वाढत गेले. ऑफिससमोरच्या गाड्यावर स्टीलच्या पेल्यात वाफाळती कॉफी, आणि समोर किरण. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड, आणि जिथे शब्द सापडत नसे तिथे तो नुसता हात हलवायचा. मला तो हात बघायला आवडायचं.

एका संध्याकाळी आम्ही कुक्करहळ्ळी तळ्याकाठी चालत होतो. भुरभुर पाऊस, एकच छत्री, आणि ती सारखी माझ्याच बाजूला कलत होती.

“तू भिजतोयस,” मी म्हटलं.

“पर्वागिल्ला. चालतंय. मी रंगाऱ्याचा पोर, मला काय धुतलं तरी रंग जात नाही.”

मग त्याने त्याचं काम सांगितलं. ब्राउझर पान उघडतो म्हणजे ते पडद्यावर रंगवतोच. सगळं पान एकदम रंगवायला जातो, म्हणून अडखळतो. “आज्जा ठसे कसा मारायचा माहीत आहे? आधी रेघेचा ठसा. फूल कुठे, पान कुठे, ते डोळ्याला कळलं पाहिजे. मग सावकाश भरणीचा. मी ब्राउझरला तेच शिकवायलोय. आधी डोळा जिथे जाणार तेवढंच रंगव, बाकीचं मागनं.”

पावसाचे थेंब त्याच्या भुवईवर थांबले होते. मी रुमाल पुढे केला. त्याने रुमाल घेतला, भुवई पुसली नाही, नुसता खिशात ठेवला.

“तो माझा आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

त्याचं काम महिषासुराने दोनदा खाल्लं. पहिल्यांदा जूनमध्ये, दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा नापास झाल्याचा निरोप माझ्याच नावाने गेला. दोन्ही वेळा मी चोरासारखी त्याच्या टेबलाशी गेले, आणि तो म्हणाला, “तुझ्या हातानं नापास व्हायला पण बरं वाटतंय.”

“गंमत करू नकोस. ऑक्टोबरअखेर करार संपतोय तुझा.”

“हं. ह्या वेळच्या आवृत्तीत काम गेलं तर कायम करणार म्हणायलेत सर. नाही तर बेंगळुरू, हैदराबाद... जिथे मिळेल तिथे.” मग थोडं थांबून, कपातल्या कॉफीकडे बघत, “रविवारी तुझी नेनपु आली.”

शब्द मला पहिल्या दिवसापासून पाठ होता. त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, आभा, हे काय होऊन बसलं? मी, नियमांची पाटी लावणारी, प्रेमात पडले होते. तोही तपासून न घेता!

दसरा आला.

म्हैसूरचा दसरा म्हणजे गावाला दहा दिवस झोप नाही. नवमीला आयुधपूजा. ऑफिसात सकाळपासून गडबड होती. साफसफाई बघणाऱ्या जानकीने प्रत्येक संगणकाला शेवंतीची माळ घातली, कुंकू लावलं. दाराशी कोहळा फुटला. उपेंद्र सरांच्या गाडीला केळीचे खुंट बांधले गेले. मला याचं काही नवल नव्हतं. अकोल्याला दसऱ्याला बाबांच्या स्कूटरला झेंडूचा हार घालायचं काम माझंच असायचं. फक्त माझ्या खोलीला मी कुणाला हात लावू दिला नाही.

“महिषासुराला पूजा नाही?” कुणीतरी खिजवलं.

“चामुंडीच्या गावात महिषासुराला कसली पूजा!” मी म्हटलं आणि कुलूप लावलं. दुपारी बारा वाजता आत किरणचं काम लागलं होतं. तिसरी आणि शेवटची वेळ. उद्या दसऱ्याची सुट्टी, मशिनं दोन दिवस चालणार, परवा सकाळी निकाल.

चार वाजता सगळे निघाले. किरण माझ्या दाराशी रेंगाळला.

“आमच्या घरी आज कुठलंच आयुध चालवत नाहीत,” तो म्हणाला. “आज्जा ठशांना हात लावू देत नाही कुणाला. अन् माझं आयुध बघ, आत एकटं राबायलंय. कुंकू नाही. फूल तर नाहीच.”

“घरी घातलं असशील की फूल.”

“घरी माझ्या आयुधाला फूल नसतंय. नुसतं कुंकू.”

“का रे?”

“ते... आज्जाला विचार कधीतरी.” कानांच्या पाळ्या लाल करून तो जिना उतरून गेला.

मी तिथेच उभी. जानकीच्या टोपलीत एक माळ उरली होती. पिवळ्या शेवंतीची, ताजी, ओली. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... आणि चावी काढली.

हो, मीच. ‘अगदी कुणीही’ अशी पाटी लावणारी मी. दोनच मिनिटं, असं स्वतःला बजावत आत गेले. गरम हवा बाहेर सोडणारी पंख्याची जाळी मशिनच्या मागच्या बाजूला होती, म्हणून माळ मी वर, पुढच्या कडेला नीट टेकवून ठेवली. फक्त उजवीकडच्या मशिनवर. एवढ्यावर थांबले नाही. हात जोडले. “पास हो रे बाबा,” म्हटलं आणि पळतच बाहेर आले. घरी पोचेपर्यंत माझे गाल गरम होते.

दोन दिवसांनी ऑफिसात आले, संगणक उघडला.

नापास. अकरा टक्के मंद.

मी निकाल तीनदा वाचला. अकरा टक्के? याआधी तो दोन-तीन टक्क्यांनी हुकला होता, आणि या वेळी तर त्याच्या स्वतःच्या संगणकावर पानं झरझर उघडत होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं! मान वर केली तर किरण समोर उभा होता. त्यालाही निरोप पोचला होता. त्याचा चेहरा इतका कोरा मी कधी पाहिला नव्हता.

“आभा, हे खरं?”

मी पडदा त्याच्याकडे वळवला.

“तूच म्हणतेस की... आकडे खोटं बोलत नाहीत.” तो जागेवर जाऊन बसला आणि टेबलावरच्या वस्तू उगीच सरळ करू लागला.

मी चाचणीच्या खोलीकडे धावले. तापमानाच्या नोंदी उघडल्या. डावीकडचं मशीन दोन्ही दिवस थंड. उजवीकडचं पहिल्या रात्रीपर्यंत ठीक, आणि मग तापत तापत गेलेलं. तापलेलं मशीन स्वतःला वाचवायला हळू चालतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पान. पण ते तापलं कशाने?

दारात जानकी आली. तिच्या सुपलीत सुकलेली शेवंती होती.

“मॅडम, हूवू,” ती म्हणाली. फुलं. मग कन्नडमध्ये, मला कळेल असं सावकाश, तिने सांगितलं. चाचणी संपल्यावर नेहमीप्रमाणे झाडायला आले, तर माळ मागे घसरून पंख्याच्या जाळीवर पसरली होती, पाकळ्या जाळीच्या भोकांत अडकल्या होत्या. सगळं काढलं, पुसलं, आता स्वच्छ आहे.



मीच. त्याच्या सहा महिन्यांच्या कामावर पाणी ओतलं ते मी. महिषासुराने नाही, त्याच्या कोडने नाही. पंख्याच्या नुसत्या थरथरीने माळ इंच इंच मागे सरकली असणार, आणि मी घरी बसून लाजत होते!

भिंतीला टेकून मी उभी राहिले. वाईट विचार आलाच, खोटं कशाला सांगू. मशीन स्वच्छ होतं. जानकीला विचारणारं कुणी नव्हतं. मी गप्प बसले तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि बोलले तर चावी जाणार, नाव जाणार, वर सगळे विचारणार, दोन मशिनं असताना एकावरच का? त्याचं उत्तर मी अजून त्यालाही दिलं नव्हतं. पण गप्प बसले तर किरण जाणार होता, आपलं काम वाईट होतं असं समजून. ते मला सोसलं नसतं.

अकरा वाजता बैठक. टेबलाभोवती आठ माणसं.

उपेंद्र सरांनी चष्मा काढला. “किरण, मला वाईट वाटतंय. नोंदी पाहिल्या. तुझा कोड मशिनला इतका दमवतोय की ते तापतंय. ही तिसरी वेळ आहे. उद्या पाचला या आवृत्तीत नवं काम घेणं बंद होतं. या वेळी जमणार नाही. आणि कराराचं तर तुला माहीतच आहे.”

किरणने लॅपटॉप मिटला. “पर्वागिल्ला सर,” तो म्हणाला.

त्या एका शब्दाने मला उभं केलं.

“सर, चाचणी चुकीची आहे. पुन्हा लावा.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सर थक्क झाले. “आभा? पुन्हा लावायची नाही हा नियम तुझा.”

“लेखी कारण असेल तर लावता येते. कारण आहे. चाचणी सुरू असताना मी आत गेले. उजव्या मशिनवर शेवंतीची माळ ठेवली. ती घसरून पंख्यावर गेली. मशीन त्यामुळे तापलं.”

हे सगळं मी इंग्रजीत बोलले होते, त्यामुळे आठही जणांना नीट कळलं होतं. पाटीवाली मावशी आत गेली? माळ घेऊन?

सर नकळत मराठीवर आले. “अगं पण... दोन मशिनं शेजारी शेजारी आहेत. माळ एकावरच का?”

“उजवीकडे किरणचं काम होतं.”

“बरं, मग? इतरांचं काम असतं तेव्हा तू दारसुद्धा उघडू देत नाहीस!”

“इतरांवर माझं प्रेम नाहीये, सर!”

तोंडातून निघून गेलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. निदान मराठीत बोलले, बाकी कुणाला कळलं नसेल, असं क्षणभर वाटलं. पण प्रेमाला कन्नडमध्येही प्रेमच म्हणतात. टेबलाच्या त्या टोकाला कुणाच्या तरी हातातून पेन पडलं.

मी किरणकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. हसू नाही, राग नाही, काहीच नाही. तो उठला, खुर्चीला अडखळला आणि खोलीबाहेर निघून गेला.

संपलं, मी मनात म्हटलं.

सरांनी माझ्याकडून चावी मागून घेतली. मशिनांची अदलाबदल केली, म्हणजे कुणाला शंका राहायला नको, आणि चाचणी स्वतः लावली. छोटी, उद्या दुपारपर्यंतची. मी कारणाच्या नोंदीत सगळं लिहिलं, तारीख-वेळ-नावासकट. ही नोंद कायमची राहते, कुणालाही खोडता येत नाही. तोही नियम माझाच होता.

त्या दिवशी किरण माझ्याशी बोलला नाही. कॉफीच्या गाड्यावर मी एकटीच उभी होते. गाडेवाल्याने सवयीने दोन पेले भरले आणि एक परत ओतला. मला इतकं रडू आलं की मी साखर नसल्याचं निमित्त करून पेला तसाच ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सरांच्या केबिनमधून आरोळी आली. पास! नऊ टक्के वेगवान! सगळे किरणच्या टेबलाकडे धावले, पाठीवर थापा पडल्या. सर मला म्हणाले, “त्याची कायम नोकरी मार्गी लागेल. तुझी चावी मात्र नव्या वर्षात बघू.” मी मान डोलावली. खरंच वाईट वाटलं नाही.

पाच वाजता किरण माझ्यासमोर आला. अजूनही हसत नव्हता.

“आज्जानं बोलावलंय.”

“मला? कशाला?”

“तू विचारणार होतीस की. फूल का नाही ते.”

चामराजपुरमपर्यंत त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. बारीक पाऊस लागला होता. मला वाटत होतं, घरी नेऊन माणसासारखा नीट नकार देणार असेल.

त्याचे आजोबा रघुनाथराव दारातच खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, नखांच्या कडांत अजून निळा रंग.

“ये ग, बस,” म्हणाले. “फूलवाली तूच काय?”

मी शरमेने मान खाली घातली आणि तेव्हाच मला भिंतीकडेचा पाट दिसला. आयुधपूजेची मांडणी तशीच होती. या घरात फुलं आपोआप गळेपर्यंत काही हलवत नाहीत म्हणे. किरणच्या वडिलांची शिवणाची मोठी कात्री, तिच्यावर सुकलेलं फूल. काकांचा पाना, त्यावर फूल. मग सागवानी ठसे, रेघेचा आणि भरणीचा, त्यांवर नुसतं कुंकू. आणि शेवटी किरणचा जुना कीबोर्ड. त्यावरही नुसतं कुंकू.

“आजोबा, या दोघांना फूल का नाही?”

म्हातारा ठशांकडे बघत राहिला. “आमच्या घरात आयुधाला फूल आई ठेवत नाही, बहीण ठेवत नाही. ज्याचं आयुध, त्याची घरवाली ठेवतंय. फूल ठेवलं म्हणजे तिनं सांगितलं, ह्या हाताच्या कामात मी वाटेकरी. बरं झालं तरी, वाईट झालं तरी. माझी जाऊन चार वर्षं झाली, तवापासून माझे ठसे असेच. अन् ह्याची...” त्यांनी माझ्याकडे बघितलं, “ह्याची कोण ते ठरायचं होतं, अल्वा, होय ना?”

मग हळूहळू डोक्यात उजेड पडत गेला आणि प्रत्येक उजेडाबरोबर माझा चेहरा तापत गेला.

“म्हणजे मी... भर बैठकीत... सगळ्यांसमोर...”

“हं,” किरण म्हणाला. “सहा महिने मी आज्जाला कसं विचारू, तुला कसं सांगू, म्हणून झोपलो नाही. अन् तू काय केलीस? आधी फूल ठेवलीस. मग वाईट झालं, तर उभी राहून वाटा पण घेतलीस. आज्जा म्हणतोय तस्संच. तुला काही माहीत नसताना! बाहेर जाऊन जिन्यात बसलो.”

“आणि मला वाटलं तू रागावलास!”

“रागावलो होतो की. पहिलं मी बोलायचं होतं.”

मी हसत होते की रडत होते, सांगता येणार नाही. “त्या दिवशी फुलाचं मुद्दाम बोललास ना?”

“सुम्ने बोललो,” तो म्हणाला, पण कानांच्या पाळ्या लाल.

“किरण, मी ते लिहून दिलंय. नावासकट. ती नोंद आता कधीच खोडता येत नाही.”

“खोडायची कुणाला आहे?”

त्याने खिशातून माझा रुमाल काढला. तळ्याकाठचा, घडी न मोडलेला. माझे डोळे टिपले आणि परत खिशात ठेवला. आत भांडं वाजलं, म्हणजे त्याची आई दारामागे उभी होती. रघुनाथराव खाकरले. त्यांच्या हातात एक शेवंती होती, परसातली, पावसाने भिजलेली.

“पाटावरचं उचलायच्या आत होऊ दे,” म्हणाले.

मी फूल घेतलं. पाटाशी वाकले. आधी कीबोर्ड उचलून खालून, मागून, चारही बाजूंनी नीट तपासला. पंखा नव्हता. जाळी नव्हती.

मग फूल ठेवलं.